सुधाक्काचं वायुदल

“ह्या पायलटला पाय आहेत का?”

सुधाक्कानं मला विचारलेला हा पहिला प्रश्न. मी मुलाखतीला बसलो होतो आणि समोर लॅपटॉपवर माझंच एक लढाऊ विमान होतं. पुण्यात बसून त्याच्यावर मी दोन महिने खपलो होतो. सुरीसारखं चपटं, काळंभोर, पंखांच्या कडांना निळा उजेड. ते बघून माझे मित्र गप्प झाले होते आणि आई म्हणाली होती, यातून कुणी पडणार तर नाही ना.

“आहेत,” मी म्हणालो.

“मग ते ठेवतो कुठं? घरी?”

मी नीट पाहिलं. पायलट जिथं बसतो तिथं विमान जेमतेम वीतभर जाड होतं. आत बसणाऱ्याला कमरेखाली काही असून चाललं नसतं. शेजारी कंपनीचा मालक वरुण बसला होता. तो इंग्रजीत म्हणाला की त्याला हे विमान भयंकर आवडलं. सुधाक्का त्याच्याकडे न बघता मला म्हणाली, “त्याला आवडलं म्हणजे नोकरी लागली तुला. आता विमान काढायला शीक.”

मुलाखत हिंदी-इंग्रजीत चालली होती. माझं आडनाव वाचून ती एकटीच मराठीत बोलत होती. ते मराठी मला निम्मं कळलं. तिच्या घराण्यातला कुणीतरी कारकून तीन-साडेतीन शतकांपूर्वी एका मराठा फौजेबरोबर इकडं कानडी मुलखात आला आणि इथलाच झाला. सुधाक्का म्हणायची, “परतीची बस चुकली त्याची.” तेव्हापासून हे घराणं बसवनगुडीत घरात मराठी बोलतंय आणि दाराबाहेर कानडी. मधल्या उंबऱ्यावर दोन्हींची सरमिसळ झाली, तिला ती शुद्ध मराठी समजायची. माझ्या मराठीला ती ‘बातम्यांचं मराठी’ म्हणायची. मी पहिले काही दिवस तिला “अक्का, तुम्ही” म्हणत होतो. ती म्हणाली, “ते तुम्ही-बिम्ही पुण्याला पाठवून दे. अक्काला कुणी तुम्ही म्हणतं होय?” तेव्हापासून ती मला अक्का आणि मी तिला पुणेकर. माझं खरं नाव तिला माहीत होतं की नाही, याची मला खात्री नाही.

आमचं ऑफिस राजाजीनगरात, टाइल्सच्या दुकानाच्या वर होतं. आम्ही मोबाइलवर खेळायचा विमानांच्या लढाईचा गेम बनवत होतो. त्याचं नाव ‘नभवज्र’. वरुणला संस्कृत अजिबात येत नव्हतं, त्यामुळं त्याला हे नाव फार भारदस्त वाटायचं. खेळणाऱ्यानं एका अंगठ्यानं विमान वळवायचं, दुसऱ्यानं गोळ्या झाडायच्या आणि बस यायच्या आत शत्रूचं वायुदल संपवायचं, एवढं सोपं युद्ध. त्या युद्धातलं प्रत्येक विमान, प्रत्येक ढग आणि प्रत्येक धूर सुधाक्काच्या हाताखालून जायचा. ती कलाविभागाची प्रमुख होती. पन्नाशी उलटलेली, सुती साडी, खाली पळायचे बूट, कानांवर हे मोठे हेडफोन. हेडफोनमधून काहीच वाजत नसायचं. ते फक्त लोकांनी बोलायला येऊ नये म्हणून होते. याचा पत्ता मला असा लागला, की मी एकदा तिच्या मागे उभा राहून शेजाऱ्याला तिच्याबद्दल काहीतरी सांगत होतो आणि तिनं मान न वळवता माझं व्याकरण दुरुस्त केलं.

नव्या माणसाला तिची भाषा शिकावी लागायची. ती “छान आहे” म्हणाली, की ते काम गेलं. “छान आहे, घरी लाव भिंतीवर,” म्हणाली, तर ते मुळापासून गेलं. “बघवतं,” हे कौतुक होतं. त्याच्या वरचं कौतुक म्हणजे ती काहीच न बोलता पुढच्या चित्राकडं जायची. ते माझ्या वाट्याला दोनदा आलं आणि दोन्ही वेळा मी डबा न खाता आनंदात बसून राहिलो.

विमान काढायची तिची रीत विचित्र होती. दुसरे लोक खऱ्या विमानांचे फोटो घेऊन बसायचे. ती नातेवाईक घेऊन बसायची. “आधी स्वभाव, मग पंख,” असं तिचं म्हणणं. आमचं जे अवजड बॉम्बफेकी विमान होतं, त्याला गेममध्ये काहीतरी भीषण इंग्रजी नाव होतं, पण आमच्यात त्याला कमलत्ते म्हणत. कमलत्ते म्हणजे तिची कमल आत्या. “ही यायला वेळ लावते,” सुधाक्का पेन्सिलीनं पोटाचा घेर वाढवत म्हणायची, “पण एकदा घरात शिरली की काहीतरी उद्ध्वस्त करूनच जाते.” बारीक, लांब मानेचं, सगळ्यात वेगवान विमान म्हणजे शेषगिरी मामा. तो लग्नात अक्षता पडायच्या आत जेवून निघून जायचा. शत्रूपक्षाचं मुख्य विमान तिनं एका मावसबहिणीवरून बेतलं होतं. ती बहीण एकदा ऑफिसात आली, तिनं भिंतीवरचं ते चित्र बघितलं आणि म्हणाली, “किती देखणं आहे गं हे.” सुधाक्का म्हणाली, “छान आहे.”

गंमत अशी, की हे सगळं खरं ठरायचं. शाळकरी पोरं इंटरनेटवर लिहायची, की ते जाडं विमान आलं की भीती वाटते, ते आपल्याकडं रागानं बघतं. विमान कसं बघेल. पण कमलत्ते बघायच्या, त्याला इलाज नव्हता.

तिचा दुसरा हट्ट विमानाच्या मागच्या बाजूचा. आम्ही सगळे शिकून-सवरून आलेले कलाकार विमानाचं नाक नटवायचो. सुधाक्का ते एका झटक्यात उलटं फिरवायची. “खेळणारा कुठून बघतो?”

“मागून.”

“मग तू सगळा दागिना नाकात घातलास तो कुणासाठी? त्याला आयुष्यभर ढुंगणच बघायचंय. ते बघण्यासारखं कर.”

हे ती भर मीटिंगमध्ये, परदेशातून आलेल्या पाहुण्यांसमोर, इंग्रजीतून बोलली होती. पाहुण्यांनी ते लिहून घेतलं.

तिच्या पिशवीत एक जुना, स्वस्तातला, काचेला तडा गेलेला मोबाइल असायचा. त्याला ती ‘गरीब’ म्हणायची. आमच्या झगमगीत पडद्यांवर आम्ही जे काही रंगवायचो, ते गरीबवर चढवून ती भर उन्हात गॅलरीत जाऊन उभी राहायची. तिथं विमान ओळखू आलं तर पास. नाही तर ती आत येऊन शांतपणे म्हणायची, “गरीबला दिसत नाही.” यावर अपील नव्हतं. एकदा माझ्या विमानावर मी इतके बारीक खिळे काढले, की गरीब चटका बसेल इतका तापला आणि बंद पडला. “बघ, बेशुद्ध पाडलास त्याला,” ती म्हणाली. “शत्रूच्या हातात दे तुझं हे विमान. युद्ध लवकर संपेल.”

घरी जाताना ती मेट्रोत बसायची नाही. उभी राहायची, आणि जो कुणी मोबाइलवर गेम खेळत असेल त्याच्या खांद्यावरून वाकून बघायची. संकोच हा शब्द तिच्या कोणत्याच भाषेत नव्हता. एकदा मी बरोबर होतो. कॉलेजचा एक मुलगा आमचाच गेम खेळत होता आणि सारखा मरत होता. दोन स्टेशनं तिनं सहन केलं. मग त्याला कानडीत म्हणाली, “अरे, डावीकडून धूर दिसतोय ना, मग डावीकडं कशाला जातोस? एवढा धूर काढलाय मी.” मुलगा घाबरून पुढच्या स्टेशनवर उतरला. सुधाक्का त्याच्या जागेवर बसली आणि म्हणाली, “धूर गडद करायला पाहिजे.”

वरुणबद्दल मी वाईट बोलणार नाही. तो कष्टाळू होता, वेळेवर पगार देत होता आणि कुणालाही नावानं हाक मारत होता. त्याच्यात एकच उणीव होती. त्याला उपरोध कळत नसे. सुधाक्काला दुसऱ्या कशात बोलता येत नसे. असे दोघे एका खोलीत बसून एक कंपनी चालवत होते.

एका दसऱ्याच्या आधी वरुण म्हणाला, की सणासाठी विमानाला खास पोशाख पाहिजे, लोक हौसेनं घेतात. काहीतरी अस्सल भारतीय पाहिजे. कुणी म्हणालं मोर, कुणी म्हणालं वाघ. सुधाक्का कंटाळून म्हणाली, “त्यापेक्षा आयुधपूजाच करू की विमानाची. दोन्हीकडं केळीचे खांब बांधू. नाकाला झेंडूचा हार. उडायच्या आधी चाकाखाली लिंबू ठेवू, समोर कोहळा फोडू. आपल्या गल्लीतल्या रिक्षा करतात तसं.”

खोलीत आम्ही दोघं-तिघं हसलो. वरुण हसला नाही. त्याचे डोळे मोठे झाले. “अक्का,” तो म्हणाला, “हे ग्रेट आहे.”

सुधाक्कानं पहिल्यांदा माझ्याकडं मदतीच्या अपेक्षेनं बघितलं. मला काही मदत करता आली नाही.

मग तिनं ते केलं. आणि करायचं म्हटल्यावर तिला वाईट करता येईना. केळीची पानं ताशी हजार मैलांच्या वाऱ्यात कशी फाटतील याचा तिनं विचार केला. हार एका बाजूनं सुटत जातो, लढाई संपेपर्यंत नाकावर नुसता दोरा उरतो, असं केलं. कुंकवाचा टिळा मात्र काही केल्या पुसला जात नव्हता. तो पोशाख इतका चालला, की रिक्षावाले स्वतःच्या रिक्षेपुढं मोबाइल धरून त्या विमानाचे फोटो काढायला लागले. वरुणनं तिला सगळ्यांसमोर फुलं दिली. ती फुलांकडं बघत म्हणाली, “आता मी मीटिंगमध्ये काय बोलावं सांग, पुणेकर. थट्टा केली तर बनवावी लागते.”

पण बोलणं काही तिला सोडता आलं नाही.

या सगळ्यात एका माणसाला विसरून चालणार नाही. तो म्हणजे तिचा थोरला भाऊ, मधुअण्णा. गणिताचे निवृत्त शिक्षक. बायको वारल्यापासून दोघं भावंडं बसवनगुडीच्या घरात राहत. सुधाक्कानं लग्न केलं नव्हतं. कारण विचारलं तर म्हणायची, “मागून कुणी बघवला नाही.” अण्णा ‘नभवज्र’ दर रविवारी दुपारी जेवणानंतर खेळत, आणि गरीबवरच खेळत. त्यासाठी सुधाक्का तो त्यांच्या हवाली करायची. ते चष्मा कपाळावर सरकवून, वेताच्या खुर्चीत ताठ बसून खेळत, जणू विमानात पट्टा बांधून बसलेत. गेममधल्या चुका ते तिला मोठ्यानं वाचून दाखवत. “सुधा, हा ढग मागच्या रविवारचाच आहे.” सुधाक्का ऑफिसात कुणाचं ऐकत नसे, पण सोमवारी येऊन मुकाट्यानं ढग बदलायची.

मग एक असं वर्ष आलं, की टीव्हीवर रोज संध्याकाळी युद्ध होऊ लागलं. खरं काय चाललं होतं कोण जाणे, पण निवेदक मात्र रोज सीमेपलीकडं जाऊन येत. वरुणलाही वाटलं, की अशा वेळी आपण मागे राहता कामा नये. त्यानं एक नवी मोहीम जाहीर केली. आजवर आमची लढाई हवेतल्या हवेत, विमान विरुद्ध विमान, अशी होती. आता खाली शत्रूचं एक गाव असणार होतं आणि कमलत्तेनं त्यावर बॉम्ब टाकायचे होते. जाहिरातीचा व्हिडिओ आधी निघाला, गाव नंतर काढायचं होतं. आमच्याकडं सगळ्याच गोष्टी याच क्रमानं होत.

गाव सुधाक्कानं काढलं. वरून दिसणारं गाव म्हणजे काय, तर चौकोनच चौकोन. ते गरीबवर बघितलं तर फरशी दिसायची. खालच्या टाइल्सच्या दुकानातला नमुना वाटायचा. गच्ची ही गच्ची आहे हे कळायला तीवर काहीतरी पाहिजे होतं. तिनं पाण्याच्या टाक्या घालून बघितल्या, त्या बटणांसारख्या दिसल्या. मग तिनं दोऱ्या बांधल्या आणि त्यांवर कपडे वाळत घातले. एक पांढरी चादर, दोन शर्ट, एखादी रंगीत ओढणी. चार रंगांचे ठिपके, पण वाऱ्यावर हलणारे. लगेच ते गाव झालं. तिनं गॅलरीत जाऊन खात्री करून घेतली. “बघवतं,” ती म्हणाली. स्वतःच्या कामाला ती असं म्हणताना मी तेव्हाच ऐकलं.

त्या रविवारी तिनं मला जेवायला बोलावलं होतं. जेवण झालं, अण्णा खुर्चीत बसले, गरीब हातात घेतला. नवी मोहीम अजून बाहेर पडली नव्हती, पण अण्णांना सगळं आधी मिळायचं. कमलत्ते निघाल्या. डोंगर ओलांडून गावावर आल्या. आणि फिरू लागल्या. एक घिरटी, दुसरी घिरटी. मी आणि सुधाक्का त्यांच्या मागे उभे होतो.

“अण्णा, बटण दाब की,” ती म्हणाली. “लाल.”

“दिसतंय मला.”

“मग?”

“खाली लोक राहतात गं.”

“कुणी राहत नाही. माणसं काढलीच नाहीत मी. एकही नाही.”

“मग कपडे कुणाचे?”

अण्णा आणखी एक घिरटी घालून खाली आले, नाकाला मोबाइल लावून बघू लागले. “हा फ्रॉक आहे का?”

“ते चार पिक्सेल आहेत, अण्णा. चार ठिपके.”

“असतील,” अण्णा म्हणाले. “चार ठिपक्यांची पोरगी असेल.”

इंधन संपलं. कमलत्ते गावाच्या पलीकडं, मोकळ्या रानात जाऊन पडल्या. पडद्यावर ‘मोहीम अयशस्वी’ असं आलं. अण्णांनी गरीब बाजूला ठेवला आणि मला विचारलं, की पुण्यात सध्या थंडी आहे का. मी आहे म्हणालो. सुधाक्का स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ धुतलेलीच भांडी परत धूत राहिली.

त्या आठवड्यात कळलं, की अण्णा एकटे नव्हते. बाजारात आणायच्या आधी आम्ही गेम काही अनोळखी लोकांना खेळायला देत असू. त्यांच्यातले पुष्कळ जण गावावर येऊन रेंगाळत होते. काही बॉम्ब शेतात टाकत होते. एकानं लिहिलं होतं, की मोहीम चांगली आहे पण कुठं टाकायचं ते समजत नाही. त्याला समजत होतं, असं मला वाटतं.

वरुणनं मीटिंग घेतली. “अक्का, कपडे काढावे लागतील. लोकांना वाईट वाटतंय. वाईट वाटून घ्यायला कुणी गेम डाउनलोड करत नाही.”

“मग गावच काढून टाकू,” सुधाक्का म्हणाली. “धावपट्टी देते, तेलाच्या टाक्या देते, शस्त्रांची कोठारं देते. टाक्या काय भडकतात बघ तरी. शुक्रवारपर्यंत देते.”

“जाहिरातीत गाव दाखवलंय. लोकांना गाव पाहिजे.”

“सरी, बरं. म्हणजे लोकांना गाव पाहिजे, पण त्यात कुणी राहायला नको.”

“बरोबर,” वरुण आनंदानं म्हणाला. “अगदी हेच मला म्हणायचं होतं.”

मी खाली मान घातली. मला वाटलं, आता ती असं काही बोलेल की त्यालाही कळेल. सुधाक्कानं हेडफोन काढून टेबलावर ठेवले. “वरुण,” ती म्हणाली, “मी ते कपडे काढणार नाही. तू दुसऱ्याकडून काढून घेऊ शकतोस, ते तुझं आहे. पण मी काढणार नाही.”

एवढंच. आत टोचणी नव्हती, बाहेर हसू नव्हतं. साधं, सरळ, कुणालाही समजेल असं वाक्य. इतक्या दिवसांत तिचं असं वाक्य मी ऐकलं नव्हतं, आणि ते ऐकून मला भीती वाटली. वरुणलाही वाटली असावी, कारण तो लगेच म्हणाला, “अक्का, शेवटी हा गेम आहे.”

“मला माहीत आहे,” ती म्हणाली. “मीच काढलाय.”

गावाचं काम दुसऱ्या शहरातल्या एका कंपनीकडं गेलं. त्यांनी गच्च्या पुसून दिल्या, शिवाय तत्परता म्हणून सगळं करडं करून दिलं. मोहीम ठरल्या दिवशी बाहेर पडली आणि चांगली चालली. यातून कुणी काही शिकलं, असं सांगायला मला आवडलं असतं. गरीबवर ती फरशी दिसत होती, आणि फरशीवर बॉम्ब टाकायला कुणालाच काही अडचण आली नाही.

सुधाक्कानं राजीनामा दिला नाही. तिला तो नाटकीपणा वाटायचा. ती वेळेवर यायची, ढग काढायची, धूर काढायची, माझ्या विमानांना छान म्हणायची. पण हळूहळू तिच्याकडं विमानं येईनाशी झाली. मग तिला ‘सर्जनशील सल्लागार’ असं पद मिळालं. “सल्लागार म्हणजे काय कळलं का?” ती मला म्हणाली. “ज्याचा सल्ला नकोय, त्याला रागवायचं पण नाही, म्हणून हा शब्द.” काही महिन्यांनी ते पदही रचनेत बसेना.

निरोपाला केक होता. त्यावर क्रीमचं विमान काढलं होतं, एक पंख दुसऱ्यापेक्षा लहान. वरुणनं भाषण केलं. त्यात ‘कुटुंब’ हा शब्द इतक्या वेळा आला, की ज्यांना कुटुंब आहे ते अस्वस्थ झाले. मग त्यानं सुधाक्काला दोन शब्द बोलायला सांगितलं. तिनं केककडं बघितलं, लहान पंखाच्या बाजूनं पहिला तुकडा कापला आणि वरुणच्या हातात दिला. “तू काळजी घे रे,” ती म्हणाली. “जेवत जा वेळेवर.” त्याचे डोळे पाणावले. मला वाटतं, त्या दोघांत सगळ्या वर्षांत झालेलं हे एकमेव सरळ संभाषण, त्या गावाचं सोडलं तर. जाताना ती आमच्या टेबलांपाशी आली. मला काही सल्ला देईल म्हणून मी उभा राहिलो. तिनं माझ्या पडद्यावरचं विमान बघितलं, काही न बोलता पुढच्या टेबलाकडं गेली. न बोलण्याचं कौतुक माझ्या वाट्याला दोनदा आलं असं मी आधी म्हणालो, तो हिशेब हे धरून आहे.

त्यानंतर ती कुठं गेली ते वर्षभर कळलं नाही. फोन केला तर म्हणायची, “होगली बिडू, जाऊ दे, तू तुझं सांग.” मग एकदा तिनं स्वतःच बोलावलं. बोम्मसंद्र्याला ये, मेट्रो येते आता तिथवर, शनिवारी सकाळी ये.

बोम्मसंद्रा म्हणजे कारखानेच कारखाने. पत्ता विचारत मी एका लांबट पत्र्याच्या शेडपाशी पोचलो. तिथं जत्रेत आणि मॉलमध्ये लहान मुलांना बसायला लागतात ते पाळणे तयार होतात. घोडे, बदकं, मोटारी. आत फायबरची धूळ उडत होती. मधोमध उंच लोखंडी खांब, त्याला फिरणारे हात, आणि प्रत्येक हाताच्या टोकाला एक ठेंगणं, गुबगुबीत विमान. कुणाला भीती वाटू नये अशी विमानं मी आयुष्यात पहिल्यांदा बघितली. एकावरही तोफ नव्हती. माझ्या डोळ्यांना ती शोधायची इतकी सवय, की मी खांबाला दोन प्रदक्षिणा घातल्या.

सुधाक्का मास्क लावून, साडीवर ढगळा कोट चढवून एका हातात बटणांची पेटी धरून उभी होती. केसांत पांढरी पूड. मला बघून म्हणाली, “लांब उभा राहा. चाचणी आहे.”

चाचणीला एरवी वाळूची पोती ठेवतात, असं शेजारच्या कामगारानं मला सांगितलं. मुलांपेक्षा जास्त वजन घालून बघावं लागतं. आज पोती नव्हती. पिवळ्या विमानात मधुअण्णा बसले होते, चष्मा कपाळावर, ताठ.

“मी काय पोत्यापेक्षा हलका आहे?” ते मला म्हणाले.

सुधाक्कानं बटण दाबलं. मोटर घरघरली, हात उचलले गेले आणि अण्णा जमिनीपासून पुरुषभर उंचीवर, शेडमधल्या सगळ्या धुळीतून गोल फिरू लागले. त्यांनी एकदा आम्हाला हात केला. मग करणं सोडलं आणि नुसतं समोर बघत राहिले. सुधाक्का मला काहीतरी सांगणार होती, तिनं मास्क खाली ओढलाही. पण मग ती वरच बघत राहिली. मी तिला विचारायला आणलेले सगळे प्रश्न, बरी आहेस ना, आवडतं का इथं, ते त्या घरघरीत विचारण्यासारखे राहिले नाहीत.

जेवणाची घंटा झाली. कामगार डबे घेऊन खांबाभोवती जमले, मोटर बंद व्हायची वाट बघत. त्यांच्यातल्या मुकादमानं कानडीत विचारलं, “अक्का, झालं का? निल्लिसली का?” म्हणजे थांबवू का.

सुधाक्कानं वरती ओरडून विचारलं, “अण्णा, बस्स का?”

अण्णांनी समोर बघतच आणखी एक घिरटी घातली. ऐकू गेलं नसेल, किंवा गेलं असेल.

“स्वल्प थांबा,” ती मुकादमाला म्हणाली, आणि पेटीवरच्या थांबवायच्या बटणावरचा अंगठा तिनं बाजूला घेतला.